दोन गिनींची मोटार

१९२१ साली बर्मिंगहॅमजवळील लाँगब्रिजच्या ऑस्टिन कंपनीचा कारभार रिसीव्हरच्या हाती गेला होता. संस्थापक हर्बर्ट ऑस्टिन यांना सामान्य गृहस्थास परवडेल अशी चिमुकली मोटार काढावयाची होती. संचालक मंडळास ती कल्पना मान्य नव्हती. तेव्हा ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकाला आपल्या घरी ठेवून बिलियर्डच्या खोलीत आराखडे करविले, पदरचा पैसा घातला आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे दोन गिनींचा स्वामित्वहक्क ठरवून घेतला. व्यापारी घरातील वाचकांस या कराराचे मर्म उलगडून सांगावयास नको. १९२२ मध्ये अवतरलेली ही 'ऑस्टिन सेव्हन' १९३९ पर्यंत पावणेतीन लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. जर्मनीत तिच्याच परवान्यावर निघणाऱ्या गाडीपासून बीएमडब्ल्यूने मोटारीच्या धंद्यात पाऊल टाकले.

गाडी तशी विक्षिप्तच. इंजिन ७४७ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे साडेदहा अश्वांची. क्लचचा प्रवास इतका तोकडा की पाय किंचित उचलताच गाडी एकतर उडी घेई, नाहीतर बंद पडे. आरंभीच्या गाड्यांत पायाचा ब्रेक मागील चाकांना आणि हाताचा पुढील चाकांना. दोन्ही एकदम साधणे ही चालकाची तपश्चर्याच होती! परंतु ती हलकी होती, साधी होती आणि घरच्या हत्यारांनी उघडता येत असे. म्हणूनच तिच्या चाहत्यांनी १९३९ साली '७५० मोटर क्लब' स्थापन केला.

महायुद्ध सरले तेव्हा ब्रुकलँड्सची प्रसिद्ध धावपट्टी शर्यतींसाठी कायमची बंद झाली होती आणि पेट्रोलचे नियंत्रण १९५० पर्यंत उठले नाही. मात्र ओस पडलेली लष्करी विमानतळे होती. सिल्व्हरस्टोन त्यांपैकीच एक. जुनी ऑस्टिन सेव्हन मोजक्या पौंडांत मिळे. क्लबने नियम केला तो असा, की सांगाडा व इंजिन याच गाडीचे असावे. वरचे कवच ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे रचावे. त्या काळच्या हौशी मंडळींच्या आठवणी वाचाव्यात, तर विजयचषकाहून अधिक रंगून सांगितलेले असते ते हे: आठवडाभर कामावर नेलेल्या गाडीचे दिवे व चिखलरोधक मैदानावर उतरवायचे, शर्यत धावायची आणि सायंकाळी ते पुन्हा बसवून त्याच गाडीने घर गाठायचे.

या मंडळींत लंडनच्या विद्यापीठात शिकणारे कॉलिन चॅपमन होते. त्यांनी आपली पहिली गाडी १९४८ साली प्रेयसी हेझेल यांच्या माहेरच्या घरामागील गॅरेजात, जुन्या ऑस्टिन सेव्हनवर प्लायवूडचे कवच चढवून सिद्ध केली. तीच पहिली लोटस. पुढे त्यांनी खास ७५० च्या शर्यतींसाठी गाडी बांधली आणि एक मोठी युक्ती लढविली. मूळ इंजिनात चार सिलिंडरांना मिळून इंधनप्रवेशाची दोनच द्वारे. एका नळावर दोन बिऱ्हाडे असावीत तसे शेजारचे सिलिंडर एकमेकांचा वाटा ओढीत. चॅपमन यांनी मार्गात पडदा घालून प्रत्येकाचा प्रवाह वेगळा केला. १९५१ च्या हंगामात ही गाडी इतकी अजिंक्य ठरली की क्लबने नियम बदलून ती युक्तीच निषिद्ध केली.

हा अन्याय झाला काय? युक्तीला भांडवल फारसे लागले नव्हते, लागली होती ती बुद्धी. आणि बुद्धीला दंड करणे मला रुचत नाही. तरीही क्लबचा निर्णय मला योग्य वाटतो. एकच गाडी पुढे आणि बाकी सारे प्रेक्षक, असे झाले असते तर अल्प मिळकतीच्या माणसाने शर्यतीस यावे तरी कशाला? चॅपमन यांचेही त्यात काही बिघडले नाही. १९५२ च्या जानेवारीत हेझेल यांनी उसने दिलेल्या पंचवीस पौंडांवर त्यांनी लोटसची पेढी मांडली. तिने पुढे फॉर्म्युला वनचे निर्मात्यांचे विजेतेपद सात वेळा मिळविले. तिकडे न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅकलॅरेन यांची पहिली शर्यतीची गाडीही ऑस्टिन सेव्हनच होती.

क्लबच्या सहा तासांच्या सांघिक शर्यतीची कल्पना हॉलंड बर्केट या पशुवैद्याची. एका संघातील गाड्यांनी आळीपाळीने धावायचे, एकाने दुसऱ्याच्या हाती पट्टा द्यायचा आणि मंद गाडीला आधीच सूट मिळायची. ती आजही त्यांच्या नावाने भरते.

या साऱ्याची किंमत मात्र दुसऱ्याच कोणी मोजली. शर्यतीची गाडी करण्यासाठी शेकडो चांगल्या, घरंदाज ऑस्टिन सेव्हन मोडल्या गेल्या. त्यांची मूळ कवचे भंगारात गेली. आज तिचे जुने रूप परत आणू पाहणारा मालक सांगाडा व इंजिन हाती घेऊन बसतो आणि अंगणात फेकून दिलेले एखादे दार, एखादे छप्पर कोठे उरले आहे काय, याची चौकशी करीत फिरतो.