रानातला ताण डोळ्यांना दिसत नाही

साताऱ्याचं कोयना अभयारण्य आणि त्याला लागून असलेलं सांगलीकडचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. इथे कोळसुंदे, म्हणजेच रानकुत्रे, टोळीने राहतात.

अशा टोळीत जास्त ताण कोणाला असेल? तुम्ही म्हणाल, दबून राहणाऱ्याला. केनियातल्या बबून माकडांमध्ये रॉबर्ट सापोल्स्की यांना बहुतांशी तसंच आढळलं. पण टांझानियातल्या आफ्रिकी रानकुत्र्यांमध्ये ताणाची संप्रेरकं जास्त निघाली ती म्होरक्यांमध्ये! म्हणजे नुसतं बघून अंदाज बांधणं धोक्याचं, मोजायलाच हवं.

मोजायचं कसं? रक्तासाठी प्राणी पकडला तर त्या भीतीनेच कॉर्टिसोल वाढतं. दवाखान्यात आल्यावर काहींचा बीपी वाढतो तसंच. म्हणून विष्ठेत उतरलेले संप्रेरकांचे अंश तपासतात. प्राण्याला हातही लावावा लागत नाही. हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने कान्हा आणि बांधवगडच्या वाघांमध्ये पर्यटनाच्या हंगामात ताण वाढत असल्याचं दाखवलं.

कॉर्टिसोल थोडा वेळ वाढणं जीव वाचवतं. ते सतत वाढलेलं राहिलं तर प्रतिकारशक्ती आणि प्रजनन दोन्ही बिघडू शकतात, माणसात आणि प्राण्यांतही.

म्हणून माझं स्पष्ट मत: चांदोली-कोयनेत सफारीच्या गाड्या वाढवण्याआधी आणि नंतरही विष्ठेची तपासणी व्हावी, आणि गाड्यांची संख्या तिच्यावरून ठरावी. प्राणी गाडीसमोर शांत बसला, म्हणजे तो निवांत आहे असं समजू नका.