वीजबिल शून्य, तरी कोळसा जळतोच: एक एकर उसाच्या इंधनाचा हिशेब

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेमुळे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत आहे. दिलासा मोठा आहे. मात्र बिल शून्य झाले म्हणून इंधनाचा वापर शून्य होत नाही. ही वीज अजूनही मुख्यतः कोळशापासून तयार होते. आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात, एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा कोळशावरील प्रकल्प उभा आहे.

इंधन नेमके कुठे जाते?

कार्बन म्हटले की ट्रॅक्टरचा धूर आठवतो. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आता न दिसणारे इंधन पाहू.

*पंप:* ५ अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने ८ तास चालला तर सुमारे ३० युनिट वीज लागते. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो धरल्यास दिवसाला २१ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे जवळपास ८ लिटर डिझेल.

*युरिया:* युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि देशाला लागणारा सुमारे निम्मा वायू आयात होतो. कारखान्यातील इंधन सोडा. ४५ किलोची एक गोणी जमिनीत विरघळून तिचे विघटन झाले की ३३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १२ लिटर डिझेलइतका. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १०० किलो. सगळे नत्र युरियातून दिल्यास जवळपास पाच गोण्या होतात. शिवाय जमिनीत मुरलेल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक आहे.

गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून हात सैल सुटतो. शिफारशीपेक्षा जास्त टाकलेली गोणी उत्पादन वाढवत नाही. पीक लोळते, कीड वाढते.

काय करावे?

१. माती परीक्षणानुसारच नत्र द्यावे आणि ते हप्त्यांत विभागावे. ठिबकमधून विद्राव्य खत दिल्यास मात्रा २५ टक्क्यांपर्यंत कमी करता येते. ठिबक बसवूनही पंप पूर्वीइतकेच तास चालवला, तर विजेची बचत होत नाही. वाफसा पाहूनच पंप सुरू करावा.

२. तोडणीनंतर पाचट जाळू नये. ते सरीत दाबून प्रति टन ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे. आच्छादनामुळे ओल टिकते, खोडव्याच्या पाण्याच्या पाळ्या कमी होतात.

३. वीजजोडणी नसल्यास 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करावा. लाभार्थी हिस्सा सर्वसाधारण गटासाठी १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. जोडणी असलेल्यांसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून कृषी फीडर सौर ऊर्जेवर आणले जात आहेत. परंतु ऊन फुकट असले तरी विहिरीचे पाणी फुकट नाही. सांगोला, मंगळवेढ्यासारख्या भागात सौर पंप दिवसभर चालू ठेवल्यास बोअर लवकर आटेल.

आता सुरुवात कुठून?

मोफत विजेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. ती वाढेल की नाही, हे आपल्या हातात नाही. पंपाचे तास आणि युरियाच्या गोण्या मात्र आपल्याच हातात आहेत. या हंगामात एका वहीत दोनच रकाने आखा: पंप किती तास चालला आणि एकरी किती गोण्या पडल्या. कृषी सहायकांनी गावातील पाच शेतकऱ्यांच्या अशा नोंदी गटचर्चेत शेजारी शेजारी मांडाव्यात. कुणाचा खर्च कुठे वाया जातो, ते लगेच दिसेल. जिथे खर्च वाया जातो, तिथेच इंधनही वाया जाते.