बॅटरी संपली, ओळख हरपली

संगणकाची वीज तोडली तरी त्याचे घड्याळ चालूच राहते, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागच्या योजनेचा विचार सहसा कोणी करीत नाही. आयबीएमने १९८४ साली आणलेल्या ‘पीसी-एटी’ संगणकात घड्याळाची चिप मोटोरोलाची होती आणि तिला जागे ठेवणारी बॅटरी चिपच्या बाहेर होती. बॅटरी संपली की दुसरी बसवावी, इतका साधा व्यवहार. त्याच वर्षी अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थापन झालेल्या डॅलस सेमीकंडक्टर कंपनीने पुढे हा सारा संसार एकाच काळ्या ठोकळ्यात कोंबला. स्मृती, घड्याळ, सेकंदाला ३२,७६८ कंपने देणारा क्वार्ट्झचा स्फटिक आणि लिथियमची बॅटरी, सर्व काही इपॉक्सीत कायमचे बंद!

रचना बुद्धिमान होती, हे मान्यच केले पाहिजे. वीज गेल्याचे चिप स्वतः ओळखते, त्याच क्षणी स्मृतीत काही लिहिले जाण्याचा मार्ग बंद करते आणि बॅटरीचा आधार घेते. कंपनसंख्या पंधरा वेळा निम्मी करीत गेले की नेमका एक सेकंद हाती लागतो. यासाठी वीज इतकी अल्प लागते की इवलीशी बॅटरी सुमारे दहा वर्षे पुरते. पण त्यानंतर काय?

याचे उत्तर सन मायक्रोसिस्टिम्सच्या ग्राहकांना मिळाले. (या कंपनीच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा.) सनच्या वर्कस्टेशनमध्ये याच जातीची, दुसऱ्या उत्पादकाची चिप असे आणि तिच्यात केवळ वेळ नव्हे, तर यंत्राची ओळखही साठविलेली असे. नेटवर्कवरील पत्ता तिच्यात, यंत्राचा क्रमांकही तिच्यातच. महागड्या सॉफ्टवेअरचे परवाने त्या क्रमांकाशी बांधलेले. बॅटरी विझली की धडधाकट यंत्र आपण कोण हेच विसरून बसे आणि परवानाही निरुपयोगी ठरे. क्षुल्लक बॅटरीपायी मोलाचे यंत्र अडून राहावे, याला प्रगती म्हणायचे का?

बंदिस्त ठोकळ्यामुळे जुळणी सोपी होते, धूळ-दमट हवेपासून रक्षण होते, हा उत्पादकांचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र पुढे एसटी कंपनीनेच बॅटरी आणि स्फटिक असलेली, वरून बसविता व काढता येणारी टोपी बाजारात आणली. म्हणजे दुसरा मार्ग अशक्य नव्हता. जुने संगणक जपणारे हौशी लोक आजही कानशीने इपॉक्सी घासून आतील टोके शोधतात आणि तिथे साधी नाण्याएवढी बॅटरी जोडतात. जे काम कारखान्यात सहज झाले असते, ते कानशीने करावे लागते.

भारतात हा विषय परका नाही. घड्याळापासून रेडिओपर्यंत प्रत्येक वस्तू दुरुस्त करून वापरणे हा येथील कुटुंबांचा पिढीजात स्वभाव. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने हे प्राधान्याचे विषय ठरले. स्वदेशी चिपनिर्मितीसाठी डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, तीही स्वागतार्हच. पण चिप देशात घडली आणि तिची बॅटरी मात्र बदलताच आली नाही, तर ते स्वावलंबन अर्धेच राहील. सरकारी कार्यालये, रुग्णालये आणि विद्यापीठे दरवर्षी उपकरणे विकत घेतात. ‘बॅटरी वापरणाऱ्याला बदलता यावी आणि ती संपली तरी यंत्राची ओळख शाबूत राहावी’, ही एक अट त्यांच्या निविदेत घालण्यास कोणत्या समितीच्या अहवालाची वाट पाहावी लागते?