पगाराच्या आधीचे पान

परदेशातील शाळेचे नोकरीचे पत्र घरात आले की आपल्याकडे पहिला प्रश्न पगाराचा असतो, दुसरा व्हिसाचा आणि तिसरा, जरा आवाज उतरवून, 'एकटी राहील का पोरगी तिकडे?' असा. ती शाळा कोणाची, कशासाठी चालवली जाते आणि तेथे शिकवणाऱ्याने काय मानले पाहिजे अशी तिची अपेक्षा आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. शाळा ख्रिस्ती असेल तर मुळीच नाही. 'मिशनची शाळा आहे, म्हणजे शिस्तीची असणार' एवढे म्हणून विषय संपतो.

यात नवल नाही. मिशनच्या शाळा आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. १८२७ साली सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन शिक्षिका मुंबईत उतरली आणि पुढे नगरला मुलींना शिकवीत तिने आयुष्य घालवले. त्याच अमेरिकन मराठी मिशनने पुढे सोलापुरात शाळा काढल्या. या शाळांतून हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत अशा सर्व घरांतील शिक्षकांनी आपली सारी नोकरी केली. सकाळच्या प्रार्थनेला हात जोडून उभे राहायचे आणि नंतर वर्गात जाऊन त्रैराशिक शिकवायचे. कोणी कोणाला 'तुझा विश्वास काय?' असे विचारले नाही. अनुदान घेणाऱ्या शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे आपल्या घटनेच्या २८ व्या कलमातच आहे. ही हवा श्वासात इतकी मुरली आहे की जगभर ख्रिस्ती शाळा म्हटली की ती अशीच असणार, असे आपण गृहीत धरतो.

हे लिहिण्याचे निमित्त माझ्या गावातले आहे. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वळसंग लागते. निम्मे गाव घरात कानडी बोलते आणि बाजारात मराठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३७ सालच्या भेटीची आठवण सांगणारी विहीर या गावात आहे. त्या विहिरीशी ज्या घरांचे नाते आहे, अशा एका घरातली मुलगी माझी विद्यार्थिनी. गणितात हुशार, बी.एड. झालेली, एका माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक. तिला अमेरिकेतील एका खाजगी ख्रिस्ती शाळेचे पत्र आले. पत्रासोबत चार-पाच कागद होते. त्यांतल्या एकाचे शीर्षक 'विश्वासाचे निवेदन' असे होते. बायबल हेच देवाचे एकमेव प्रमाण वचन आहे, येशू हा देवाचा पुत्र आहे, त्याच्याखेरीज तारण नाही, असे मी मानते, आणि माझे शिकवणे व वागणे याला धरून राहील. खाली सहीसाठी रेघ.

मध्यस्थाने फोनवर सांगितले, "मॅडम, ती फॉर्मॅलिटी असते. सगळेच करतात." तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा. पोरगी दोन दिवस जेवली नाही."

घरातले मत दोन्हीकडे होते. भावाचे म्हणणे, आपण बँकेत, रेशनवर, इस्पितळात न वाचता किती सह्या करतो. एका कागदाने काय होते? पण ज्या घराने १९५६ नंतर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, कोणाला मानायचे आणि कोणाला नाही हे उभे राहून, मोठ्याने सांगितले, त्या घराला 'मी मानते' या दोन शब्दांचे वजन कोणी शिकवायला नको. मुलीला ते कळले होते, म्हणूनच ती जेवली नव्हती.

मला या प्रसंगी पंडिता रमाबाई आठवल्या. परदेशातील ख्रिस्ती शाळेत शिकवण्याचा प्रश्न ज्या मराठी बाईपुढे आला, त्यांतली ही फार जुनी आणि चांगली नोंदलेली हकीकत आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढल्या वर्षी चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकूही लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यांचे शिकवणे आवडले होते. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी आश्चर्य व्यक्त केले की, पुरुषांना शिकवण्यास माझ्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, ती इथे का घेतली जाते? त्याहून मोठा वाद श्रद्धेचा होता. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता आणि जे पटत नाही ते मानते असे म्हणायला त्या तयार नव्हत्या. १८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेला निघून गेल्या. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या, तरीही कोणत्या शब्दांना होकार द्यायचा यावर त्यांना एवढे झगडावे लागले. मग जी ख्रिस्ती नाही, तिने डोळे मिटून सही करावी हे सांगणे किती सोपे आणि किती बेजबाबदार!

यात त्या शाळेला दोष देण्याचे कारण नाही. आपल्या श्रद्धेचेच शिक्षक हवेत असे तिला वाटणे समजण्याजोगे आहे आणि तेथील कायदाही तिला तशी मुभा देतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात धार्मिक संस्थांना स्वधर्मीय नेमण्याची सूट आहे. सर्वच ख्रिस्ती शाळा ती वापरतात असे नाही. अनेक कॅथलिक शाळांत गणिताला इतर धर्मांचे शिक्षक आहेत. सोलापूर-नगरकडील ख्रिस्ती घरातील उमेदवारालाही हा कागद नीट वाचावाच लागेल, कारण ज्या चर्चमध्ये तो वाढला त्याची शिकवण आणि त्या शाळेचे निवेदन शब्दाला शब्द जुळेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट मध्यस्थ सांगत नाहीत, बहुधा त्यांना ती ठाऊकही नसावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका ल्युथरन शाळेच्या आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील दोन कॅथलिक शाळांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, जे शिक्षक मुलांना धर्मही शिकवतात, त्यांच्या नेमणुकीत वा बडतर्फीत भेदभावविरोधी कायद्याने न्यायालय हात घालणार नाही. २०२० च्या प्रकरणातील एकीची तक्रार वयावरून काढल्याची होती, दुसरीची स्तनाच्या कर्करोगानंतर काढल्याची. म्हणून करारात रोजची प्रार्थना घेणे आणि विषयाच्या तासाला बायबलशी सांगड घालणे ही कामे लिहिली असतील, तर ती दोन ओळींची बाब राहत नाही. उद्या वाद झाला तर त्याच ओळी शिक्षिकेच्या हातातील ढाल काढून घेऊ शकतात.

पैशांचे थोडक्यात. डॉलरला रुपयांनी गुणून आलेला आकडा वळसंगमध्ये खर्चायचा नसतो. घरभाडे, मोटार (तिकडे लहान गावात तिच्यावाचून शाळेतही पोचता येत नाही) आणि आरोग्य विमा वजा करूनच तो बघावा. शिक्षकांना देतात तो जे-१ व्हिसा अदलाबदलीचा आहे. तीन वर्षे, फार तर आणखी दोन. तो स्थायिक होण्याचा रस्ता नव्हे. आपल्या देशात नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जो लाखांत बोलतो, त्याला आधी परवान्याचा क्रमांक विचारावा.

मी तिला 'जाऊ नकोस' म्हटले नाही. सरळ शाळेलाच लिहायला सांगितले, मध्यस्थाला वगळून: मी बौद्ध आहे, तुमच्या श्रद्धेचा आदर ठेवीन, प्रार्थनेच्या वेळी शांतपणे उभी राहीन, पण हे निवेदन माझे म्हणून सही करू शकत नाही, मला केवळ गणित शिकवायचे आहे, हे चालत असेल तर करारात तसे लिहून द्यावे. मधेच नोकरी सुटली तर परतीचे तिकीट कोणी काढायचे, हेही त्याच पत्रात विचारले आहे. 'एवढे स्पष्ट लिहिले तर ते नाही म्हणतील,' असे भावाला वाटते. म्हणोत. तेथे पोचल्यावर, भाड्याच्या खोलीत बसून ते 'नाही' ऐकण्यापेक्षा इथे ऐकलेले बरे.

आता राहिला इथल्या नोकरीचा हिशेब. २०२३ मध्ये शासनाने माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन आठ हजारांवरून अठरा हजार केले. तीन वर्षे पुरी झाली की नियमित वेतनश्रेणी मिळते. तिची तीन वर्षे पुरी व्हायला सात महिने आहेत, आणि त्या शाळेचे वर्ष ऑगस्टात सुरू होते. आत्ता राजीनामा दिला तर अडीच वर्षे पाण्यात. म्हणून पत्रात शेवटची विनंती अशी आहे, की रुजू होण्याची तारीख एक वर्षाने पुढे न्यावी. उत्तरासाठी त्यांनी दहा दिवसांची मुदत दिली होती. पत्र सातव्या दिवशी गेले.