कमरेचा मणका अरुंद झालाय, ऑपरेशन करायलाच हवं का?

"डॉक्टर, एमआरआयमध्ये नस दबलेली दिसते. ऑपरेशन केलं नाही तर पाय लुळे पडतील का?" साठी ओलांडलेले रुग्ण आणि त्यांची मुलं हा प्रश्न नेहमी विचारतात. माझं मत आधीच सांगतो. बहुतेक वेळा हा निर्णय एमआरआय बघून नाही, तर तुमचा त्रास बघून घ्यायचा असतो. आणि विचार करायला पुरेसा वेळ असतो.

वयानुसार मणक्यांमधली गादी झिजते, मागचे सांधे जाड होतात आणि नसांची वाट अरुंद होते. याला लंबर कॅनाल स्टेनोसिस म्हणतात. थोडं चाललं की पाय भरून येतात, मुंग्या येतात. बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. म्हणूनच कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालू न शकणारे आजोबा सायकल मात्र आरामात चालवतात! पण काहीही त्रास नसलेल्या अनेक ज्येष्ठांच्या एमआरआयमध्येही हे अरुंदपण दिसतं. त्यामुळे नुसत्या रिपोर्टला घाबरू नका.

मग ऑपरेशन की व्यायाम? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ऑपरेशनला तयार असलेल्या १६९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ऑपरेशन, दुसऱ्याला फिजिओथेरपी. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल करण्याची क्षमता जवळपास सारखी होती. पण फिजिओथेरपीच्या गटातल्या ५७ टक्के रुग्णांनी दरम्यान ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे व्यायामाने अनेकांचं भागतं, पण सगळ्यांचं नाही.

म्हणून मी आधी काही आठवडे नियमित फिजिओथेरपी, वजनावर लक्ष आणि गरजेपुरती औषधं असा सल्ला देतो. मणक्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनवर मात्र फार भिस्त ठेवू नका. २०१४ साली ४०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा स्टेरॉइड घातल्याने सहा आठवड्यांनी फारसा जास्त फायदा दिसला नाही.

एवढं करूनही बाजारापर्यंत किंवा देवळापर्यंत चालवत नसेल, तर ऑपरेशनला उगाच घाबरून घरात बसून राहू नका. नसांवरचा दाब काढल्यावर पायांचा त्रास बऱ्याच जणांचा चांगला कमी होतो. नुसत्या कंबरदुखीसाठी मात्र तेवढी खात्री देता येत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नसेला इजा हे धोके आहेतच. मधुमेह आणि हृदयविकार असेल तर ते आधी तपासून घ्यावे लागतात.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: "स्क्रू घालायची गरज आहे का?" स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाब काढण्याबरोबर मणके जोडल्याने दोन वर्षांनी जास्त फायदा झाला नाही. मणका अस्थिर असेल तर गोष्ट वेगळी. पण कारण समजून घेणं हा तुमचा हक्क आहे.

एकच अपवाद: लघवी अडकली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर वाट बघू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बाकी सगळ्यांनी डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर आणखी एक माहिती न्या: न थांबता किती मिनिटं चालता येतं, आणि त्यामुळे काय काय करायचं राहून जातं. माझ्या मते ऑपरेशनचा निर्णय त्यावर ठरावा.