नाडी जुळली, रक्ताचे काय?

लग्नाच्या टिपणात रास, नक्षत्र, गण, नाडी यांच्या जोडीला हल्ली 'रक्तगट' असेही एक घर असते. ते आले हे बरेच झाले. पण त्याचा उपयोग आपण कसा करतो? 'एक नाड म्हणजे एक रक्तगट, पुढे मुलाबाळांना धोका,' असे छातीठोकपणे सांगणारे एखादे मामा बैठकीत असतातच. आणि मुलगी 'निगेटिव्ह' म्हटली की काहींच्या कपाळावर आठी चढते.

नवराबायकोचा रक्तगट एकच असल्याने काहीही बिघडत नाही. अडचण येते ती उलट, गट वेगळे असताना. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ वडिलांच्या वारशाने पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाच्या थोड्या तांबड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. आईचे शरीर त्यांना परके समजून प्रतिपिंडे तयार करते. पहिले बाळ बहुधा सुखरूप सुटते. पुढच्या खेपेला मात्र हीच प्रतिपिंडे वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला तीव्र कावीळ होते. कधी ते पोटातच दगावते. पूर्वी अशा घरात पहिले मूल धडधाकट आणि पुढची जगत नाहीत, असे घडे. दोष अर्थातच सुनेच्या पायगुणाला!

यावर 1960च्या दशकात जो उपाय सापडला, तो ऐकताना उलटाच वाटतो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क व रोनाल्ड फिन आणि न्यूयॉर्कचे फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक यांनी ठरवले की, ज्या प्रतिपिंडांची भीती, तीच आईला बाहेरून थोडी टोचायची! ही तयार प्रतिपिंडे बाळाच्या चुकार पेशींना चिकटतात, त्या पेशींचा निकाल लागतो आणि आईचे शरीर स्वतःची फौज उभी करीतच नाही. बाहेरून दिलेली प्रतिपिंडे काही महिन्यांत विरून जातात. हे नेमके कसे साधते, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही; पण गुण येतो, हे निर्विवाद. 1968मध्ये अमेरिकेत या 'अँटी-डी' इंजेक्शनला मान्यता मिळाली.

हे औषध येते माणसांच्याच रक्तातून. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे भरपूर होती. लहानपणी शस्त्रक्रियेच्या वेळी परक्यांच्या रक्तावर ते वाचले होते. ते ऋण त्यांनी 1954 ते 2018 या काळात 1,173 वेळा दान करून फेडले. 2025मध्ये ते वारले, तेव्हा लाखो आयांना त्यांच्या रक्ताचा हातभार लागलेला होता.

मग आपण काय करायचे? आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण आरएच निगेटिव्ह असतात. अशी सून घरात असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना रक्तगट सांगावा. सातव्या महिन्याच्या सुमारास एक इंजेक्शन देतात. बाळ पॉझिटिव्ह निघाले, तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत दुसरे. गर्भपात झाला, तरी हा प्रश्न विचारायलाच हवा. पहिल्याच वेळी, आणि लोकलाजेने झाकून ठेवलेल्या गर्भपाताच्या वेळी, तो हमखास राहून जातो. एकदा आईच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडे बनवली, की मग हे इंजेक्शन निरुपयोगी ठरते. तसे झाले तर पुढच्या खेपेला मोठ्या रुग्णालयाची देखरेख लागते.

म्हणून टिपणातले रक्तगटाचे घर स्थळ नाकारण्यासाठी नाही. ते लक्षात ठेवण्यासाठी आहे. मुलगी निगेटिव्ह आहे म्हणून लग्न मोडू नका. ते करा, आणि बाळंतपणाच्या पिशवीत दुपटी, लंगोट, टोपडे भरताना तिच्या रक्तगटाचा कागदही आठवणीने ठेवा.