पाइप दिसत नाही, नदी दिसते



रंगपंचमीनंतरची गोष्ट. नववीच्या मुलांनी घरी उरलेला रंग शाळेत आणला आणि विज्ञानाच्या बाईंच्या देखरेखीखाली एक साधा प्रयोग केला. नव्या इमारतीच्या शौचालयात हिरवा रंग ओतला. तो थोड्या वेळाने रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये दिसला. मग जुन्या इमारतीतील मुताऱ्यांत आणि हात धुण्याच्या नळांखालच्या मोरीत लाल रंग ओतला. चेंबरमध्ये लाल पाणी आलेच नाही. ते आले शाळेच्या मागच्या नाल्यात. मुलांना प्रयोग यशस्वी झाल्याचा आनंद झाला. आम्हांला मात्र लाज वाटली. त्याच आठवड्यात ‘नदी आमची माता’ या निबंधस्पर्धेची बक्षिसे आम्ही आमच्या हातांनी वाटली होती.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. असाच निबंध आम्ही शाळेत असताना हिंदीतून लिहिला होता. आज आमची मुले तो मराठीतून लिहितात. भाषा बदलली, नाला तोच राहिला.

हा नाला पुढे कोठे जातो, हे मुलांना नकाशावर दाखवले. आपल्या इंदूरच्या दोन नद्या, कान्ह आणि सरस्वती. कान्हला आपण वर्षानुवर्षे खान नदी म्हणत आलो. कृष्णपुऱ्याच्या होळकरांच्या छत्र्यांपाशी या दोघी एकत्र येतात. पुढे कान्ह उत्तरेकडे वाहत जाते आणि उज्जैनजवळ त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. म्हणजे आमच्या मोरीतले लाल पाणी जेथे पोहोचणार, तेथे आपलेच आई-वडील पर्वणीच्या स्नानाला जातात.

इंदूरला हा प्रश्न नवा नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी लिहिलेला इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे बागा कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. ते प्लेगचे दिवस होते. गेडिस यांनी दिवाळीच्या निमित्ताने एक मिरवणूक काढली. तीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या मोठ्या प्रतिमा होत्या आणि शेवटी त्या जाळण्यात आल्या. शहर झाडणारे सफाई कामगार त्या मिरवणुकीत मानाने चालले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. राक्षस जळाला, पण त्याची घाण आपण नाल्यात सोडत राहिलो.

आपल्या शहराने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचे नाव देशात घेतले जाते. नगर निगमाने नाला टॅपिंगची मोठी मोहीम राबवली. २५ लहानमोठ्या नाल्यांत थेट पडणारी १,७४६ सार्वजनिक आणि ५,६२४ घरगुती तोंडे बंद करून ते पाणी ड्रेनेजकडे वळवले. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. आम्हांला त्याचा अभिमान आहे. पण त्या मोजणीत आमच्या शाळेचा हा पाइप भिंतीआड, गवताखाली सुटला. असे आणखी किती सुटले असतील, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

नदी कशाने मरते, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. मैलापाण्यातली घाण जिवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू जास्त खर्च होतो, आणि मासे गुदमरून मरतात. या प्राणवायूच्या गरजेला बीओडी म्हणतात. घरगुती मैलापाण्यात ती लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. स्नानायोग्य नदीत ती ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे आपल्या देशाचे मानक आहे. म्हणजे एक बादली मैलापाणी निवळायला सत्तर ते शंभर बादल्या अगदी निर्मळ पाणी हवे. उन्हाळ्यात कान्हपाशी स्वतःचे पाणी असते कितीसे?

म्हणून मैलापाणी नदीत जाण्याआधीच शुद्ध करावे लागते. शुद्धीकरण केंद्रात आधी जाळीने कचरा अडवतात, वाळू खाली बसवतात. मग मोठ्या टाक्यांत हवा सोडून जिवाणू पोसतात. नदीत जे काम प्राणवायूअभावी अडते, ते येथे काही तासांत होते. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. आपल्या कबीटखेडीला दिवसाला साडेचोवीस कोटी लिटर क्षमतेचे केंद्र आहे. पण हे यंत्र मंदिरातल्या समईसारखे आहे, ते अखंड जपावे लागते. वीज गेली, हवा थांबली, की जिवाणू मरतात आणि घाण जशीच्या तशी पुढे जाते.

केंद्र बांधले म्हणजे नदी स्वच्छ झाली, हा समज खोटा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार, देशातील शहरांत तयार होणाऱ्या दर १०० लिटर मैलापाण्यापैकी सुमारे ४४ लिटरांपुरतीच केंद्रे उभी होती आणि प्रत्यक्षात २८ लिटरच शुद्ध होत होते. कोठे केंद्रापर्यंत पाइपच पोहोचत नाहीत, तर कोठे केंद्र नीट चालत नाही. उद्घाटनाचा फोटो निघतो, पुढच्या देखभालीचा निघत नाही.

उज्जैनचे उदाहरण पाहा. २०१६ च्या सिंहस्थात क्षिप्रेत नर्मदेचे पाणी आणून सोडले आणि आपल्या कान्हचे पाणी पाइपातून घाटांना वळसा देऊन पुढे नेले. २०२८ च्या सिंहस्थासाठी पुन्हा बंद जलमार्गाचे काम हाती घेतले आहे. भाविकांच्या दृष्टीने ते आवश्यकही असेल. पण एका नदीला दुसऱ्या नदीजवळून तोंड लपवून न्यावे लागते, यात इंदूरकरांनी आपला वाटा ओळखायला हवा. वळसा घातल्याने घाण कमी होत नाही. ती फक्त पुढच्या गावाच्या वाट्याला जाते.

आणि हा प्रश्न केवळ नदीचा नाही. डिसेंबर २०२५ च्या अखेरच्या दिवसांत आपल्याच शहरातील भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली, अनेकांचे प्राण गेले. देशातल्या सर्वांत स्वच्छ म्हणवल्या जाणाऱ्या शहरात हे घडले. झाडलेला रस्ता डोळ्यांना दिसतो, त्याखालचे पाइप दिसत नाहीत. आपली खरी परीक्षा त्या न दिसणाऱ्या पाइपांत आहे.

आता थोडे घरचे गणित. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी, हे नियोजनाचे प्रमाण. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होते. चार माणसांच्या घरातून रोज ४३२ लिटर. हे पाणी १९७८ पासून नर्मदेवरून, जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून चढ चढवून आपल्याकडे येते. इतक्या खर्चाचे पाणी एकदा वापरून घाण करून सोडणे, हे श्रीमंतालाही शोभत नाही. शुद्ध केलेले पाणी बागांना, बांधकामांना, कारखान्यांना, शेतीला गेले पाहिजे आणि त्याची मागणी आपणच केली पाहिजे.

पालकांना आमची विनंती साधी आहे. आपल्या घराचे सांडपाणी कोठे जाते, हे रंग ओतून पाहा. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप ड्रेनेजला जोडू नका. त्याने पावसाळ्यात चेंबर उफाळतात आणि केंद्रावर झेपणार नाही इतके पाणी येते. ते पाणी जमिनीत मुरवा. दिवाळीच्या फराळाचे उरलेले तेल, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड मोरीत किंवा शौचालयात टाकू नका. आपण तुंबवलेल्या गटारात उतरून आजही माणसे जीव गमावतात. २०१३ च्या कायद्याने असे धोक्याचे काम करवून घेण्यास बंदी आहे, तरीही.

विश्वस्त मंडळापुढे आमचा प्रस्ताव आहे. यंदा नव्या प्रवेशद्वारासाठी रक्कम बाजूला ठेवली आहे. ती आधी जुन्या इमारतीची मोरी ड्रेनेजला जोडण्यासाठी वापरावी. बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी आपुलकीनेच विचारले, ‘‘सर, दरवाजा लोकांना दिसेल. पाइप कोणाला दिसणार?’’ दुसरे म्हणाले, हे काम निगमाचे आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. रस्त्यावरची लाइन निगमाचीच, तिथे कमतरता असेल तर आपण अर्ज करू, पाठपुरावा करू. पण आपल्या भिंतीच्या आतला पाइप आपला आहे. शाळेसाठी दर मुलामागे रोज ४५ लिटर पाणी धरतात. सहाशे मुलांच्या शाळेला ते २७,००० लिटर होते. त्याचा एक भाग जरी रोज नाल्यात गेला, तरी वर्षाचा हिशेब लहान राहत नाही. आणि ज्या मुलांनी नाल्यात लाल पाणी पाहिले, त्यांना तोच पाइप तसाच ठेवून आम्ही कोणता धडा शिकवणार?

नववीची मुले आता दहावीत जातील. पुढच्या रंगपंचमीनंतर त्यांनी पुन्हा रंग ओतावा, असे आम्ही त्यांना सांगितले आहे. त्या वेळी तो चेंबरमध्येच दिसावा, नाल्यात दिसू नये. तोवर निबंधस्पर्धेचा विषय आम्ही बदलत आहोत. नवा विषय असा: ‘आमच्या घराचे सांडपाणी कोठे जाते?’ निबंध लिहिण्याआधी मुलांनी ते स्वतः जाऊन पाहावे आणि पालकांनी त्यांच्यासोबत जावे, एवढीच अपेक्षा.